बोधगयेचा जुना पिंपळ : १८७६ सालच्या वादळात जे गेले त्याविषयी

नागनदी (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम जयभीम.

गेल्या फेब्रुवारीत आईला घेऊन बोधगयेला जाऊन आलो. महाविहाराच्या पश्चिमेला, वज्रासनाच्या, म्हणजे बुद्धांच्या बसण्याच्या जागेवरील शिलासनाच्या, मागे जो पिंपळ आहे, त्याच्यासमोर आई जवळजवळ दोन तास बसून होती. पानगळीचे दिवस होते. एक पान सुटले, दगडी कठड्याला लागून घसरले आणि थेट तिच्या पदरात पडले. पान वेचायला उठलेली तीन-चार माणसे जागच्या जागी थांबली, कारण म्हाताऱ्या बाईच्या पदरातले पान कोण मागणार? आईने ते उलटे करून शिरा पाहिल्या, शेपटीसारख्या लांब टोकावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “यानंच सावली दिली होती रे भगवंताला.” ते पान आता तिच्या वंदनेच्या पुस्तकात आहे.

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण मलाही तसेच वाटत होते. परतल्यावर सवयीप्रमाणे त्या जागेविषयी वाचायला बसलो, आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८९२ साली महाबोधी विहारावर छापलेल्या ग्रंथातील एका परिच्छेदापाशी थबकलो. कनिंगहॅम लिहितात की, १८६२ साली त्यांनी झाड पाहिले तेव्हा ते फार जीर्ण झाले होते. पश्चिमेकडचा एक मोठा सोट आणि त्याच्या तीन फांद्या तेवढ्या हिरव्या होत्या, बाकीच्या फांद्यांची साल गेलेली होती आणि त्या कुजल्या होत्या. १८७१ आणि १८७५ मध्ये ते पुन्हा गेले. शेवटच्या भेटीत झाड पुरते कुजलेले होते. त्यानंतर थोड्याच काळाने, १८७६ साली, उरलेला भाग वादळात पश्चिमेच्या भिंतीवरून कोसळला. आज आपण ज्याला वंदन करतो ते झाड १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी लावलेल्या रोपाचे आहे.

माझे वय पंचेचाळीस आहे. लहानपणापासून बोधिवृक्षाविषयी इतके ऐकले, विहारात इतकी प्रवचने झाली, पण जुना वृक्ष एका विशिष्ट साली, वादळात, भिंतीवर पडून गेला, हे मला कोणी कधी सांगितले नाही. “परंपरा अखंड आहे” एवढेच सांगितले गेले. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. तरी अखंड या शब्दाखाली एक मोठे झाड झाकले गेले आहे, आणि त्याच्यासाठी कोणी चुकचुकलेदेखील नाही, याची रुखरुख मनातून जात नाही.

आईला हे सांगावे की नाही, याचाही निर्णय अजून झालेला नाही. जाणकारांनी लिहावे.

सोपाऱ्याचा वाटसरू

धागा मनापासून आवडला. आपण १८७६ पाशी थांबलात, परंतु हे झाड जाण्याची ती पहिली वेळ नव्हती.

सम्राट अशोक आपल्या आठव्या शिलालेखात सांगतो की, राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून शिकारीच्या सहलींच्या जागी धम्मयात्रा सुरू झाल्या. त्याच आठव्या लेखाचा एक तुकडा आमच्या नालासोपाऱ्याला सापडला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उजेडात आणला आणि आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्या फुटक्या दगडासमोर उभे राहिले की बोधगया फार लांब वाटत नाही.

अशोकाच्या काळातच झाडावर पहिला घाला आल्याची कथा आहे. अशोकावदान या संस्कृत ग्रंथात राणी तिष्यरक्षितेला असे वाटते की, राजा ज्या “बोधी”ला उत्तमोत्तम रत्ने पाठवतो ती तिची सवतच असली पाहिजे. ती एका मातंग स्त्रीकडून मंत्राचा दोरा बांधून झाड वाळवायला घेते. झाड वाळत असल्याची बातमी ऐकून राजा मूर्च्छित पडतो. राणीला आपली चूक कळते, आणि मग तीच मातंग स्त्री झाडाभोवती खणून रोज हजार घागरी दूध घालून त्याला पुन्हा पालवी आणते. महावंस या श्रीलंकेच्या पाली इतिवृत्तात हीच राणी मंडूच्या काट्याने झाड मारते. कथा म्हणून सोडून दिले तरी एक गोष्ट उरते : हे झाड मरू शकते, ही भीती परंपरेच्या अगदी आरंभापासून लोकांच्या मनात होती. सांचीच्या पूर्व तोरणावर अशोकाच्या बोधिवृक्षभेटीचे शिल्प आहे, ते या भीतीसकट पाहावे.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग आला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, गौडाधिपती शशांकाने झाड तोडले, पाणी लागेपर्यंत मुळे खणली, तरीही सगळी निघेनात म्हणून आग लावली आणि वर उसाचा रस ओतला. पुढे मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गाईंचे दूध घातले आणि एका रात्रीत झाड दहा फूट वाढले, मग त्याने भोवती चोवीस फूट उंचीची भिंत बांधली. ह्युएन त्संग हा शशांकाचा शत्रू असलेल्या हर्षाचा स्नेही होता, त्यामुळे शशांकाविषयीचे त्याचे लेखन इतिहासकार जपूनच वापरतात, आणि ते योग्यच आहे. तरीसुद्धा त्याचे एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. बुद्धाच्या काळी हे झाड शेकडो फूट उंच होते, वारंवार तोडले गेल्यामुळे आता ते चाळीस-पन्नास फूटच आहे, असे तो नोंदवतो. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूलाही आपण मूळ झाडासमोर नाही, तुटून पुन्हा आलेल्या झाडासमोर उभे आहोत, हे ठाऊक होते. ही जाणीव मधल्या काळात कधीतरी आपल्याकडून सुटली.

शांतिवन

जयभीम. आपल्या भावनेचा आदर आहे, पण सर्व संस्कार, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टी, अनित्य आहेत हे ज्या झाडाखाली उमगले, त्याच झाडाच्या अनित्यतेचे दुःख करीत बसणे मला विसंगत वाटते. झाड जाणारच होते.

नागनदी

शांतिवन, आपला मुद्दा मी टाळत नाही. झाड राहायला हवे होते असा माझा आग्रह नाही. जे अनित्य आहे ते गेल्यावर ‘गेले’ असे म्हटलेच पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. अनित्यता मान्य करणारा समाज जर झाडाच्या बाबतीत “ते गेलेच नाही” असे सांगू लागला, तर विसंगती तिथे आहे.

सोपाऱ्याचे वाटसरू, आपल्या प्रतिसादामुळे कनिंगहॅम यांचे आणखी एक निरीक्षण सांगावेसे वाटते, कारण ते डोळ्यांना दिसणारे आहे. जुना पिंपळ ज्या ओट्यावर उभा होता, तो ओटा भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान तीस फूट उंच होता. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, झाड वेळोवेळी नव्याने लावले गेले असले पाहिजे. मी याचे चित्र मनात असे उभे करतो : एक झाड जाते, त्याच्या जागी माती पडते, पार बांधला जातो, त्यावर दुसरे लावले जाते, तेही जाते आणि पुन्हा भर पडते. असे होता होता तीन माणसांच्या नव्हे, पाच माणसांच्या उंचीचा ओटा तयार झाला. तो ओटा म्हणजे गेलेल्या झाडांची मोजदादच होती.

पुढे १८८०-८१ च्या खोदकामात वज्रासनाच्या पश्चिमेला पिंपळाच्या जुन्या लाकडाचे दोन मोठे तुकडे सापडले. ज्या जागी ते मिळाले, तिच्यावर विहाराच्या मागचे बांधकाम बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी उभे राहिलेले होते. म्हणून हे तुकडे शशांकाने तोडलेल्या झाडाचेच असावेत, असा तर्क कनिंगहॅम यांनी केला. तर्क बरोबर असो वा नसो, ते लाकूड कोणत्या तरी बोधिवृक्षाचे होते आणि त्याची आठवण कुठल्याही वंदनेत नाही, हे मला चटका लावून जाते.

सिंहलद्वीप

कामानिमित्त माझे काही वर्षे कोलंबोत वास्तव्य होते. त्या काळात अनुराधपूरला चार वेळा गेले.

तिथला श्री महाबोधी पहिल्यांदा पाहताना मला तर तो शोधावाच लागला. खाली, भोवतीने उंच, दांडगे पिंपळ आहेत, ते मुख्य झाडाला वाऱ्यापासून आडोसा म्हणून. खरे झाड वरच्या ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत आहे, आणि ते अपेक्षेपेक्षा बारीक आहे. त्याच्या फांद्या सोनेरी टेकूंवर विसावलेल्या आहेत. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे ओंजळीत कमळे घेऊन उभी असतात, आणि एवढी गर्दी असूनही पानांची सळसळ ऐकू येते. संघमित्रा थेरीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गयेच्या बोधिवृक्षाची दक्षिणेकडची फांदी तिथे नेली आणि राजा देवानंपिय तिस्साने ती महामेघवनात लावली, अशी परंपरा आहे. त्यालाही इजा झाल्या. १९०७ आणि १९११ साली वादळात फांद्या मोडल्या, १९२९ मध्ये एका माणसाने फांदी तोडली, आणि १४ मे १९८५ रोजी तर त्या आवारात बंदुका चालल्या आणि यात्रेकरू मारले गेले. पण खोड टिकले.

माझ्या माहितीप्रमाणे १८८१ मध्ये गयेला लावलेले रोप याच अनुराधपूरच्या झाडाचे होते. तसे असेल तर आपण हळहळण्याचे कारण नाही, कारण मुलीकडून आईकडे परत आल्यासारखे ते झाले.

नागनदी

ताई, आपले वर्णन वाचून आईला तिथेही न्यावे असे वाटू लागले. अनुराधपूरहून रोप आणल्याचे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते हे खरे आहे, आणि मीही तेच ऐकत आलो होतो. मात्र कनिंगहॅम यांच्या स्वतःच्या मजकुरात तसे नाही. झाड पडल्याचे सांगून लगेच पुढे ते म्हणतात की, पुष्कळ बिया आधीच गोळा केलेल्या होत्या आणि मूळ झाडाची तरुण रोपे त्याची जागा घ्यायला तयार होती. ज्यांनी झाड पडण्याआधी आणि नंतर ती जागा पाहिली, त्यांचा शब्द मी जास्त मानतो.

अनुराधपूरचे रोप आले ते सारनाथला. अनागारिक धर्मपालांनी १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहाराच्या वेळी ते लावले. कदाचित या दोन गोष्टींची लोकांच्या सांगण्यात सरमिसळ झाली असेल.

वडा-पिंपळाचा विद्यार्थी

वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून बीज आणि फांदी यांतल्या फरकाविषयी लिहितो. या धाग्यात तो फरक महत्त्वाचा आहे.

पिंपळाची फुले आपल्याला दिसत नाहीत, कारण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळीच्या आत असतात. त्या गोळीत एक अतिशय बारीक गांधीलमाशी शिरते आणि परागण करते. पिंपळाची आणि तिची जोडी ठरलेली आहे. एकाच गोळीतील मादीफुले आधी आणि नरफुले काही आठवड्यांनी पक्व होतात. म्हणून पराग अंगावर घेऊन निघालेली माशी सहसा दुसऱ्याच, त्या वेळी ग्रहणक्षम असलेल्या पिंपळाकडे जाते. याचा अर्थ असा की, बोधिवृक्षाच्या बीपासून उगवलेले रोप हे बोधिवृक्षाचे अपत्य असते आणि त्याचा बाप आसपासच्या गावातला कुठला तरी अनाम पिंपळ असतो. फांदीचे तसे नाही. फांदी मुळे धरते तेव्हा तेच झाड दुसऱ्या जमिनीत वाढत राहते.

या हिशेबाने पाहिले तर महावंसाची हकिगत खरी मानल्यास अशोकाने पाहिलेले झाड आज अनुराधपूरला आहे, आणि गयेला त्याच्या वंशातले, बियांतून आलेले झाड आहे. धागाकर्त्यांची रुखरुख शास्त्रालाही धरूनच आहे, कारण १८७६ साली पडलेला तो जीव पुन्हा आलेला नाही.

वयाविषयी एक खुलासा करतो. ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन १८११ साली गयेला आले तेव्हा त्यांना तोच पिंपळ ऐन भरात दिसला आणि त्याचे वय शंभर वर्षांपेक्षा जास्त नसावे असे त्यांनी लिहिले. तो नजरेचा अंदाज आहे. पिंपळाचे खोड आतून पोकळ होते, त्याची वलये मोजून वय काढता येत नाही. तरीही पन्नास वर्षांत भर ओसरून सालपटे निघालेले झाड कनिंगहॅम यांना दिसावे, हे पिंपळाच्या बाबतीत अशक्य नाही. बुंध्यात एकदा कूज शिरली की पिंपळ वरून हिरवा दिसत असतानाच आतून रिता होत जातो. गावोगावचे पार बघा. तिथले मोठे पिंपळ बहुतेक वेळा असेच, एका वळवाच्या वादळात जातात आणि सकाळी लोक म्हणतात, “कालपर्यंत तर चांगला होता.”

आजच्या बोधिवृक्षाचीही म्हणूनच काळजी घ्यावी लागते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याची तपासणी करतात, जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत, आणि दिवे लावण्यासाठी झाडापासून दूर वेगळी जागा ठेवलेली आहे.

पूर्णेकाठ

आमच्या वस्तीतल्या विहारासमोरचा पिंपळ दोन वर्षांपूर्वी रोहिणीच्या वाऱ्यात पडला. दीक्षेच्या पुढच्या वर्षी माझ्या आजोबांच्या पिढीने लावलेला होता. नाली बांधताना एका बाजूची मुळे तोडली गेली होती आणि झाड त्याच्या उलट बाजूला पडले. लाकूड कोणी घरी नेईना, चार दिवस ते तसेच पडून होते. शेवटी एका आजींनी सांगितले की फांदी लावून ठेवा. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावली, पण ती जगली नाही. आता तिथे सावली नाही, आणि वैशाख पौर्णिमेला मंडप घालावा लागतो. धागा वाचून हे सांगावेसे वाटले.

धम्मचारिका

या चर्चेत दीक्षाभूमीचा पिंपळ यायलाच हवा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या तीन फांद्या आणून तो वाढवला, अशी त्याची हकिगत आहे. स्तूपाच्या उजव्या हाताला तो आहे. विद्यार्थी यांनी फांदीविषयी जे लिहिले ते वाचल्यावर अंगावर काटा आला. गयेहून अनुराधपूर आणि अनुराधपूरहून नागपूर, दोन्ही वेळा फांदीच गेली असेल, तर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली तिथे उभे असलेले झाड गयेच्या आजच्या झाडापेक्षाही अशोकाच्या झाडाला जवळचे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या वंदनेची. “वन्दामि चेतियं सब्बं, सब्बट्ठानेसु पतिट्ठितं, सारीरिकधातु महाबोधिं, बुद्धरूपं सकलं सदा.” यात अस्थिधातू, महाबोधी आणि बुद्धरूप अशी तीन चैत्ये क्रमाने येतात. बोधिवृक्ष हे पारिभोगिक चैत्य आहे, म्हणजे भगवंतांनी जे वापरले ते. कालिंगबोधी जातकाच्या प्रारंभी आनंद जेतवनात बोधिवृक्ष लावण्याची अनुमती मागतो. मोग्गल्लान गयेला जाऊन देठापासून सुटलेले पिकले फळ जमिनीवर पडण्याआधी झेलून आणतो, आणि अनाथपिंडिक ते रुजवतो. तो आनंदबोधी म्हणून ओळखला गेला. तो बियांतूनच आला होता, आणि भगवंतांनी त्याला मान्यता दिली होती. म्हणून अपत्य आणि मूळ यांत मी थोरली-धाकटी करणार नाही, पण गेलेल्याचे नाव घ्यावे या धागाकर्त्यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर कठड्यातले झाड आहे. आपल्याच भूमीतल्या लोकांनी ते खिशात घेऊन व्यवहार केला आहे, आणि आपण ते झाड कधी पडले हे लक्षात ठेवू नये, याचे वाईट वाटते.

नागनदी

सर्वांचे आभार. काल रविवारी आईला सांगितले.

ती भाजी निवडत होती. मी सगळे क्रमाने सांगितले : कुजलेली साल, तीन हिरव्या फांद्या, भिंतीवर पडलेले खोड, लाकडाचे तुकडे. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते. बराच वेळ गेल्यावर तिने विचारले, “मग बिया कोणी वेचल्या होत्या?”

मी पुन्हा पुस्तक उघडून तो परिच्छेद तिला मराठीत वाचून दाखवला. “पुष्कळ बिया गोळा केलेल्या होत्या”, एवढेच त्यात आहे. गोळा करणाऱ्याचे नाव नाही. ती जागा तेव्हा महंतांच्या मठाच्या ताब्यात होती, ब्रह्मदेशाचे यात्रेकरू येत असत, गयेला पिंडदानाला येणारे लोकही त्या पिंपळापाशी पिंड ठेवत. त्यांच्यापैकी कोणी, किंवा झाडाखाली झाडलोट करणाऱ्या कोणी, झाड जाणार हे ओळखून ओंजळभर गोळ्या वेचून ठेवल्या होत्या. आई म्हणाली, “त्याला कळलं होतं.” मग तिने वंदनेचे पुस्तक मागवून पान काढले, उजेडाकडे धरून पाहिले आणि पुन्हा त्याच गाथेपाशी ठेवले.

आज सकाळी तिने विचारले की, दीक्षाभूमीच्या पिंपळाच्या गोळ्या कधी पिकतात. विद्यार्थी, आपण सांगू शकाल का? पूर्णेकाठ यांच्या विहारासाठीही काही रोपे करता येतील.

वडा-पिंपळाचा विद्यार्थी

वैशाख-ज्येष्ठात पिकतील. खाली पडलेल्या जांभळट, मऊ गोळ्याच घ्याव्यात, हिरव्या तोडू नयेत. पाण्यात कुस्करून फडक्यातून गाळले की खसखशीहूनही बारीक बिया मिळतात. पसरट कुंडीत विटांचा चुरा आणि पालापाचोळ्याचे खत भरून त्या वरच पसरवाव्यात, मातीने झाकू नयेत, कारण त्यांना उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. दोन-तीन आठवड्यांत हिरवी लव दिसेल.

पूर्णेकाठ, डब्यातली फांदी बहुधा बारीक होती. मनगटाएवढी जाड, हातभर लांब घ्यावी आणि मृगाच्या तोंडावर थेट जमिनीतच लावावी. नाली कुठून जाते ते आधी पाहून तिच्यापासून निदान वीस पावले दूर खड्डा घ्यावा.

पूर्णेकाठ

विहाराच्या मागे जागा आहे. मोजून घेतली, सव्वीस पावले भरतात.